बर्फ मोजायचं चार इंची गेज आणि पांढरी फळी: होटन, मिशिगनमधून सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं बोलू. बर्फ पडणाऱ्या छोट्या गावात राहत असाल आणि "काल रात्री आपल्याकडे नक्की किती पडला?" हा प्रश्न तुम्हाला खरंच पडत असेल तर चार इंच तोंडाचं हे साधं प्लास्टिकचं मॅन्युअल गेज घ्या, सोबत प्लायवूडची एक पांढरी फळी घरीच करा आणि घरच्या घरी पाऊस-बर्फ मोजणाऱ्या लोकांच्या कोकोराज नावाच्या नेटवर्कवर फुकट नाव नोंदवा. गेज चाळीस-पन्नास डॉलरच्या आसपास मिळतं, फळीला एखादा उरलेला तुकडा आणि पांढरा रंग पुरतो. बॅटरी नको, वायफाय नको. हवामानासाठी घरात आजवर जे जे आलं त्यात इतकी मनापासून आवडलेली दुसरी वस्तू नाही. पाचपैकी पाच. अडचणी आहेत, त्याही सांगते.

आम्ही राहतो होटनला, म्हणजे मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात, कीविनॉ नावाचा जमिनीचा जो लांब सुळका लेक सुपिरिअरमध्ये घुसलाय तिथे. युनिव्हर्सिटीमुळे इथे दरवर्षी थोडी मराठी पोरं येतात आणि प्रत्येकाच्या आईचा फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, बर्फ किती पडतो रे तिकडे? उत्तर असं की वर्षाला दोनशे इंच पडला तरी इथल्या लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही. कॅनडाकडून गार कोरडी हवा येते, तळ्याचं पाणी तिच्यापेक्षा बरंच गरम असतं, त्या पाण्यावरून येताना हवा वाफ उचलते, आमच्या सुळक्याच्या मधल्या डोंगररांगेवर चढते आणि सगळं इथेच टाकते, याला लेक इफेक्ट म्हणतात. नोव्हेंबरपासून हे सुरू होतं आणि तळ्यावर बर्फाचा थर बराच पसरला की त्याचा जोर कमी होतो. कीविनॉ काउंटीचा रेकॉर्ड आहे १९७८-७९ च्या हिवाळ्याचा, ३९०.४ इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट, जवळजवळ दहा मीटर. हायवे ४१ वर मोहॉक गाव सोडून थोडं पुढे गेलं की रस्त्याच्या कडेला थर्मामीटरसारखा एक उंचच्या उंच बोर्ड उभा आहे, त्याच्या वरच्या टोकाला हा आकडा आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतोच, खाली उभं करून फोटो काढला की मग त्यांना ३९० म्हणजे काय ते कळतं.

आता गंमत अशी की गावाचा आकडा म्हणून जो सगळीकडे फिरतो तो बहुतेक वेळा वर एअरपोर्टच्या बाजूचा असतो. एअरपोर्ट आहे शेजारच्या हॅनकॉक गावाच्या पलीकडे डोंगरावर, तळ्याच्या पातळीपासून जवळजवळ पाचशे फूट वर, युनिव्हर्सिटीचं रिसर्च सेंटरही तिथेच आहे आणि ते रोजचा बर्फ मोजून आकडा लावतात, उत्तम काम आहे ते. पण आम्ही राहतो खाली कालव्याच्या काठाला. वर आठ इंच पडलेला असताना आमच्या अंगणात चार असतात, आणि वारा फिरला की कधी उलटंही होतं. तर आमच्या गल्लीत किती पडला हे फक्त आमच्या गल्लीतच मोजता येतं, दुसरा इलाज नाही.

आमच्याकडे आधी एक वायरलेस हवामान स्टेशन होतं, बऱ्यापैकी महागातलं, कंपनीचं नाव घेत नाही. उन्हाळ्यात ठीक चालायचं. तापमान, वारा, सगळं फोनवर. पण त्यात पाऊस मोजायला आत एक छोटी डुगडुगणारी वाटी असते, पाणी भरलं की ती कलंडते आणि एक टिचकी मोजली जाते, आणि त्या वाटीला हीटर नव्हता. मग हिवाळ्यात काय होणार, बर्फ वरच्या नरसाळ्यात बसून राहतो, स्टेशन म्हणतं आज शून्य, आणि चार दिवसांनी लख्ख ऊन पडलं की तो वितळून खाली येतो आणि निरभ्र दिवशी फोनवर पाऊस दिसतो! बॉक्सवर कुठेही लिहिलेलं नव्हतं की बर्फाच्या प्रदेशात हा भाग निकामी आहे. मला याचा खरंच राग आहे, कारण लोक या आकड्यांवर विश्वास ठेवतात. तर असं स्टेशन घ्यायचं असेल तर तापमानासाठी आणि वाऱ्यासाठी घ्या, बर्फासाठी नको.

चार इंची गेज म्हणजे काय ते सांगते. बाहेर एक जाड पारदर्शक नळकांडं, आत एक बारीक नळी, वर नरसाळं. आतल्या नळीचा घेर असा ठेवलाय की एक इंच पाऊस तिच्यात दहा इंच उंच दिसतो, त्यामुळे इंचाचा शंभरावा भाग साध्या डोळ्यांनी वाचता येतो. एक इंचाच्या वर पडलं की पाणी बाहेरच्या नळकांड्यात सांडतं, तिथे आणखी दहा इंच मावतं. हे झालं उन्हाळ्याचं. हिवाळा लागला की नरसाळं आणि आतली नळी काढून घरात ठेवायची आणि बाहेर फक्त मोठं नळकांडं खांबावर ठेवायचं, बर्फ थेट त्यात पडतो. आतली नळी बाहेर राहिली आणि तिच्यातलं पाणी गोठलं तर ती तडकते, हे पक्कं लक्षात ठेवा, सुटी नळी वेगळी मिळते पण उगाच खर्च.

सकाळी सातला ते नळकांडं घरात आणायचं. आतल्या नळीत कोमट पाणी बरोबर ०.५० च्या रेघेपर्यंत घ्यायचं, ते बर्फावर ओतायचं, नळकांडं हातात धरून गोल गोल हलवायचं. आधी बर्फ करडा होतो, मग त्याचा एक गोळा सुटून तरंगायला लागतो, मग तोही विरघळतो, दोन-तीन मिनिटांचं काम आहे. मग नरसाळं लावून ते सगळं परत आतल्या नळीत ओतायचं आणि वाचायचं. वाचताना नळी डोळ्यांसमोर सरळ धरायची, पाणी कडेला थोडं वर चढलेलं दिसतं ते धरायचं नाही, मधली खालची पातळी धरायची. समजा ०.८३ आलं, त्यातून आपण घातलेलं ०.५० वजा केलं की ०.३३ इंच. रात्रभर पडलेल्या बर्फात एवढं पाणी होतं. आमच्याकडे हे सगळं ओट्यावर चहा उकळत असताना होतं आणि नळी वाचायचं काम लेकाने स्वतःकडे घेतलंय, मला हात लावू देत नाही.

आणखी एक युक्ती, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर वितळवायचीही गरज नाही. रिकाम्या नळकांड्याचं वजन एकदा लिहून ठेवा, बर्फासकट वजन करा, फरक काढा. चार इंच तोंडाला एक इंच पाणी म्हणजे साधारण २०६ ग्रॅम, म्हणजे शंभरावा भाग दोन ग्रॅमचा. घाईच्या दिवशी हेच करते, फक्त नळकांड्याला बाहेरून चिकटलेला बर्फ आधी नीट पुसून काढायचा.

आता फळी. गेजने पाणी कळतं, पण बर्फ किती इंच पडला ते फळीवर कळतं. दीड-दोन फूट चौरस प्लायवूड, वर पांढरा रंग. रंग पांढराच हवा, काळ्या किंवा लाकडी रंगाच्या फळीवर ऊन पडलं की खालून बर्फ वितळतो आणि आकडा कमी येतो. गवतावर मोजायचं नाही, गवतात हवा असते आणि पाती बर्फ उचलून धरतात. ड्राइव्हवेवर मोजायचं नाही कारण डांबर गरम असतं. डेकच्या कठड्यावर मोजून फोटो टाकणारे तर खूप, ते बघायला छान पण नोंद म्हणून त्याचा उपयोग नाही. फळी घरापासून, झाडांपासून लांब, वाऱ्याने ढीग होणार नाही अशा जागी ठेवायची आणि शेजारी एक उंच काठी रोवून वर फडकं बांधायचं, नाहीतर एका रात्रीत फळी कुठे होती तेच कळत नाही. सकाळी मोजलं की फळी साफ करून परत बर्फाच्या वर ठेवायची, म्हणजे उद्याचा बर्फ वेगळा मोजता येतो. पट्टीबद्दल एक सांगणं, हार्डवेअरच्या दुकानातला टेप इंचाच्या सोळाव्या भागात असतो, बर्फ मोजतात दहाव्या भागात, त्यामुळे दशांशाची पट्टी वेगळी घ्या. रोज हिशोब करत बसलात की एखाद्या दिवशी चुकणारच.

मोठा बर्फ पडला की गेजचं तोंड बुजतं आणि वर टोपी तयार होते, तेव्हा नळकांड्यातलं माप धरता येत नाही. मग दुसरं रिकामं नळकांडं उलटं करून फळीवरच्या बर्फात सरळ खाली दाबायचं, खालून कालथा सरकवायचा आणि सगळं उचलून सुलटं करायचं, आत बर्फाचा गोल तुकडा निघतो. तोच वितळवायचा. यासाठी एक जादाचं नळकांडं घेऊन ठेवलेलं बरं, आमच्याकडे आहे आणि इथल्या जानेवारीत ते नसतं तर अवघड झालं असतं.

किती वेळा मोजायचं याचा नियम लोकांना कटकट वाटतो पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. दिवसातून एकदा, फार तर सहा तासांनी एकदा म्हणजे चोवीस तासांत चार वेळा, त्याहून जास्त वेळा फळी साफ करायची नाही. कारण ताजा बर्फ स्वतःच्याच वजनाने बसत जातो. दर तासाला मोजून पुसत गेलात तर बेरीज फुगते, बर्फ मात्र तेवढाच. न्यूयॉर्क राज्यात टग हिल म्हणून भाग आहे, तिथल्या माँटॅग्यूला जानेवारी १९९७ मध्ये चोवीस तासांत ७७ इंच पडल्याची नोंद झाली, देशाचा रेकॉर्ड मोडला असता. रेकॉर्ड तपासणाऱ्या समितीने बघितलं तर त्या चोवीस तासांत चार नव्हे, सहा वेळा मोजलेलं. ७७ इंच नामंजूर, आणि कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकचा १९२१ सालचा ७५.८ इंचाचा रेकॉर्ड तसाच राहिला. पडलेला बर्फ प्रचंडच होता, मोजणाऱ्याने कष्टही घेतले होते, पण सगळे एकाच पद्धतीने मोजत नसतील तर एका गावाचा आकडा दुसऱ्या गावाशेजारी ठेवता येत नाही. मला हा निर्णय एकदम पटतो.

पाणी मोजायचं कशाला, इंच कळले की झालं ना, असं बरेच जण विचारतात. पाठ केलेलं उत्तर असतं दहा इंच बर्फ म्हणजे एक इंच पाणी. इथे ते चालत नाही. वर सांगितलेल्या ०.३३ च्या सकाळी फळीवर ७.२ इंच होता, म्हणजे बावीसास एक. लेक इफेक्टचा बर्फ असा पिंजलेल्या कापसासारखा असतो, तिसास एकही जातो, फावड्याने उचलला तर हाताला वजनच लागत नाही. आणि मार्चमधला ओला बर्फ सहा-सातास एक, तीनच इंच पण कंबर मोडतो. छपराला इंचांशी देणंघेणं नसतं, पाण्याशी असतं. एक इंच पाणी म्हणजे दर चौरस फुटाला ५.२ पाउंड वजन. छपरावर साठलेल्या बर्फात सहा इंच पाणी असेल तर चौरस फुटाला तीस पाउंडांच्या वर भार झाला. त्यामुळे छपरावरचा बर्फ खाली ओढायचा लांब दांड्याचा रूफ रेक कधी बाहेर काढायचा हे आम्ही आता रोजच्या पाण्याची बेरीज बघून ठरवतो. वसंतात तेच पाणी वितळून ओढ्यांना येणार असतं, हवामान सेवेतले पुराचा अंदाज बांधणारे लोकही हाच आकडा मागतात.

आता कोकोराजबद्दल, म्हणजे सेवेचा रिव्ह्यू म्हणाल तर हा भाग. पूर्ण नाव कम्युनिटी कोलॅबोरेटिव्ह रेन, हेल अँड स्नो नेटवर्क. २८ जुलै १९९७ ला कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला पूर आला, शहराच्या पश्चिमेला चौदा इंचांवर पाऊस आणि काही मैलांवर पूर्वेला जेमतेम दोन, पाच माणसं गेली. मध्ये मोजणारे पुरेसे नव्हते. तिथल्या युनिव्हर्सिटीतले नोलन डोस्केन यांनी १९९८ मध्ये साध्या लोकांच्या हातात गेज देऊन हे सुरू केलं, आज ते अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आहे, कॅनडात आहे, बहामाजमध्ये आहे. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आपला २६ जुलै आठवला. २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही! एकाच मुंबईत. गावाकडे तर हा रोजचा विषय आहे, महसूल मंडळाच्या गेजमध्ये ६५ मिलिमीटर भरलं तरच अतिवृष्टी, आणि गेज त्या टोकाला, शेत या टोकाला, पीक पाण्याखाली पण कागदावर पाऊस नाही. माझे काका कराडजवळ शेती करतात, त्यांना मी फोनवर हे चार इंची गेज दाखवलं तर पहिला प्रश्न, आमच्याकडे असं प्रत्येक वस्तीवर का नाही? खरंच का नाही. शाळाशाळांत ठेवता येईल इतकी साधी वस्तू आहे.

सदस्य व्हायला वयाची, शिक्षणाची अट नाही, ट्रेनिंग ऑनलाइन आहे आणि तेही चांगलं आहे, बर्फाचे धडे आधी बघून घ्या. रोज आकडा वेबसाइटवर किंवा ॲपवर भरायचा, दोन मिनिटं लागतात, लगेच नकाशावर तुमचा ठिपका दिसतो. आमच्या भागाचं हवामान सेवेचं ऑफिस निगॉनीला आहे, आपल्या अंगणातला आकडा त्यांच्या समोरच्या नकाशात असतो. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शून्यालाही इथे मान आहे. काहीच पडलं नाही तर शून्य भरा म्हणतात, कारण रिकामी जागा म्हणजे कोणी बघितलंच नाही, आणि शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं. नुसते चार कण उडाले, मोजण्याइतकं काही नाही, तर ट्रेस म्हणून टी टाकायचा. गावाला जायचं असेल तर परत आल्यावर साठलेलं एकत्र मोजून अनेक दिवसांचा रिपोर्ट वेगळा भरता येतो, त्याची सोय आहे.

अडचणी म्हणाल तर वारा ही मोठी. वारा जोरात असला की हलका बर्फ गेजच्या तोंडावरून आडवा निघून जातो आणि आत कमी पडतो, कुठल्याही उघड्या गेजला हे होतंच, म्हणून अशा दिवशी मी फळीवरचा तुकडाच धरते. वाऱ्याने ढीग झाले तर फळीवरही विश्वास ठेवता येत नाही, मग अंगणात पाच-सहा ठिकाणी पट्टी घालून सरासरी. दुसरं म्हणजे सगळं इंचात, आपल्याला मिलिमीटरची सवय, पण आठवड्यात डोकं वळतं. तिसरं, उणे पंधरा फॅरनहाइटला सकाळी सातला कोट-बूट घालून बाहेर जावंच लागतं, ज्यांना सकाळ जमत नाही त्यांनी विचार करून घ्या. मला ती वेळ आवडते. रस्त्यावरचा बर्फ हटवणारे प्लाऊवाले नुकतेच गेलेले असतात, समोरचे आजोबा त्यांचा मोठा स्कूप घेऊन ढकलत असतात आणि लांबूनच विचारतात, आज किती?

या आजोबांबद्दल लिहायलाच हवं. फिनलंडहून खाणीत कामाला आलेल्या लोकांच्या इथे पिढ्या आहेत, त्यांच्यातले. त्यांच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरांचा गठ्ठा आहे, प्रत्येक चौकोनात पेन्सिलने बर्फाचे इंच आणि सकाळचं तापमान, आणि मध्येच घरातल्या गोष्टी, गाय व्याली, चर्चच्या छपराचा बर्फ काढला. १९७८-७९ चं कॅलेंडर त्यांनी मला टेबलावर उघडून दाखवलं, काही महिन्यांत शून्याचा चौकोन शोधावा लागतो. अमेरिकेत १८९० पासून कायद्याने स्वयंसेवक निरीक्षकांची पद्धत आहे, आजही आठ हजारांहून जास्त लोक ते काम करतात, देशाच्या हवामानाचा इतिहास बराचसा अशाच लोकांनी लिहिलेला आहे. आजोबा त्या यादीत कधी नव्हते, त्यांनी आपलं स्वतःसाठी लिहिलं. आता आमचे दोघांचे आकडे आम्ही रोज ताडून बघतो, रस्त्याच्या या बाजूचा आणि त्या बाजूचा, बहुतेक वेळा अर्ध्या इंचाच्या आत जुळतात. आणि जुन्या कॅलेंडरांचे फोटो काढून ठेवायचं काम लेकाने आणि मी सुरू केलंय, कारण तो कागद आता पिवळा पडून कडेला तुटायला लागलाय.

उन्हाळ्यात गेज काढून ठेवू नका हेही सांगते. १७ जून २०१८ च्या पहाटे होटन-हॅनकॉकला काही तासांत काही ठिकाणी सहा-सात इंच पाऊस झाला, उतारावरचे रस्ते वाहून गेले, अजून लोक त्याला फादर्स डेचा पूर म्हणूनच ओळखतात. तसल्या रात्री प्रत्येक गल्लीतला आकडा लागतो.

बफेलो, सिरॅक्यूज, मिनेसोटा, कॅलगरी, कुठेही असाल आणि घ्यायचं ठरवलं तर खांब ऑक्टोबरमध्येच रोवा, नंतर जमीन दगडासारखी होते आणि पहारही आत जात नाही. खांबाचं वरचं टोक तिरकं कापा म्हणजे त्यावरचं पाणी उडून गेजमध्ये जात नाही, आणि गेजचं तोंड खांबाच्या थोडं वर ठेवा. आमच्यासारख्या जागी खांब नेहमीपेक्षा उंच घ्या, फेब्रुवारीत अंगणातला बर्फ कमरेला लागतो आणि गेज त्याच्या वर राहायला हवं. झाड किंवा घर जितकं उंच त्याच्या दुप्पट लांब जागा मिळाली तर उत्तम, छोट्या प्लॉटवर तेवढी मिळत नाही, मग मिळेल तेवढी. जादाचं नळकांडं आणि दशांशाची पट्टी एकाच ऑर्डरमध्ये मागवा, शिपिंग वाचतं.